रिपोर्टातील ठळक अक्षरे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि थकव्यासाठी केलेल्या एप्स्टाइन-बार विषाणूच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मिळाला. चार ओळी, त्यांतल्या तीन ठळक अक्षरांत, आणि खाली कोणीतरी पेनने लिहिलेले ‘विषाणू पुन्हा सक्रिय?’. त्यातले प्रश्नचिन्ह तुमच्या घरात कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही.

एप्स्टाइन-बार हा हर्पिस कुळातला विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना केव्हा ना केव्हा गाठतो, बहुतेकांना लहानपणीच, आणि मग रक्तातल्या बी-पेशींमध्ये जन्मभर सुप्त राहतो. त्यामुळे ‘व्हीसीए आयजीजी’ ही प्रतिपिंडेही (विषाणूच्या कवचाविरुद्ध शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) जन्मभर सापडतात. तुझी ‘ईबीएनए’, म्हणजे विषाणूच्या दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह आहे. ही प्रतिपिंडे लक्षणे सुरू झाल्यानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी दिसू लागतात. ताज्या संसर्गात दिसणारी ‘व्हीसीए आयजीएम’ मात्र निगेटिव्ह आहे. या तिन्ही ओळी एकत्र वाचल्या की अर्थ एकच निघतो, तो म्हणजे संसर्ग जुना आहे.

तू घाबरलास तो व्हीसीए आयजीजीपुढच्या ‘> ७५०’ या आकड्याला. त्याच्या आधीचे ‘पेक्षा जास्त’ हे चिन्ह नीट पाहा. यंत्राची मोजण्याची मर्यादा तिथे संपली, एवढेच ते सांगते. काही निरोगी माणसांत ही पातळी वर्षानुवर्षे चढीच असते, आणि तुझा आधीचा नमुना नसल्यामुळे ती आता वाढली असे कोणालाही म्हणता येणार नाही. दुसऱ्या लॅबचा आकडा शेजारी ठेवूनही उपयोग नाही, कारण पद्धत आणि एकके बदलतात.

राहिली ‘अर्ली अँटिजेन’ची, म्हणजे विषाणू वाढू लागताना आधी तयार होणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची ओळ, जिच्यावरून ती पेनने लिहिलेली टीप आली असावी. ही प्रतिपिंडे सहसा तीन ते सहा महिन्यांत ओसरतात हे खरे, पण सुमारे २० टक्के निरोगी लोकांत ती कित्येक वर्षे टिकतात. शिवाय हा विषाणू धडधाकट माणसाच्या लाळेतही अधूनमधून उतरतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे तो जागा झाला हे सिद्ध झाले, तरी तुझा थकवा त्याच्यामुळेच आहे हे सिद्ध होत नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत हा प्रश्न खरोखर गंभीर असतो, आणि तिथे प्रतिपिंडांवर न विसंबता पीसीआर या जनुकीय तपासणीने रक्तातला विषाणूचा डीएनए मोजतात.

म्हणून हीच तपासणी पुन्हा करून पैसे घालवू नकोस, आणि कोणी सुचवले म्हणून व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषधही सुरू करू नकोस; अशा थकव्यावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि मूत्रपिंडाचा विचार केल्याशिवाय ते घेऊ नये. त्याऐवजी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर आणि बी-१२ पाहून घे. तू शाकाहारी आहेस, तेव्हा बी-१२ आधी. वहिनी तुझ्या घोरण्याबद्दल सांगत होत्या, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. झोपेत श्वास अडखळत असेल तर दिवसभर गळून गेल्यासारखे वाटतेच. ताप, वजन घटणे किंवा मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर मात्र माझ्या पत्राची वाट न पाहता दवाखाना गाठ.

नवे रिपोर्ट आले की पूर्ण पान पाठव, नुसते आकडे नकोत.

तुझा,
श्रीधर