घरी रंगवलेल्या कापडाचं कार्डिगन

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

डाळिंबाच्या सालीत रंगवलेल्या होजियरीचं कार्डिगन शिवणार आहेस, तर आधी एक लक्षात घे. टी-शर्टची पुढची बाजू एकसंध असते, रंग थोडा वरखाली झाला तरी खपून जातो. कार्डिगनचे पुढचे दोन भाग छातीवर शेजारी येतात आणि मधे बटणपट्टी. या तिन्हींत जराशी छटा बदलली तरी ती लांबून दिसते. म्हणून पट्ट्यांसकट सगळं कापड एकाच पातेल्यात, एकाच वेळी रंगव. पट्ट्यांचं नंतर बघू म्हणालीस तर तीच छटा पुन्हा मिळायची नाही.

कापड शुद्ध सुती इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीची होजियरी घे, २२० जीएसएमच्या (चौरस मीटरला २२० ग्रॅम) आसपासचं. साध्या जर्सीच्या, म्हणजे एकेरी विणीच्या कापडाच्या कडा कापल्याबरोबर गुंडाळतात, इंटरलॉक सपाट राहतं. पॉलिएस्टरच्या धाग्याला हा रंग चढत नाही, त्यामुळे मिश्र कापड विटल्यासारखं दिसतं. ३६ इंच छातीला ६० इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम लागेल. नळीसारखं मिळालं तर रंगवण्याआधीच उभं कापून मोकळं कर, नाहीतर दोन्ही घड्यांवर रेषा उमटतात.

पहिलं काम धुलाईचं, आणि कंटाळा याचाच येतो. बारा ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड तासभर उकळ. पाणी पिवळट तपकिरी होईल. सुतातलं मेण आणि तेल निघतं ते. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. तो लगेच जिरला तर कापड तयार. वर मोत्यासारखा थांबला तर पुन्हा उकळ, कारण तिथे रंगही असाच थांबणार आणि डाग पडणार. कापड आटायचं तेही इथेच आटतं, म्हणून कापणी कधीही धुलाईनंतर.

रंग पक्का बसायला तुरटी लागते, पण सुताला ती नुसती धरत नाही, आधी तुरट द्रव्य लागतं. १२० ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळ, त्यात कापड दोन तास ठेव आणि न खळबळता पिळून घे. मग ९० ग्रॅम तुरटी कढत पाण्यात विरघळव आणि १२ ग्रॅम धुण्याचा सोडा चिमूटचिमूट घाल. फसफसतं, म्हणून भांडं मोठं हवं. हे पाणी कोमट असताना कापड बुडवून रात्रभर ठेव. सकाळी हलकं खळबळून घे. सुटी तुरटी राहिली तर रंग कापडाऐवजी तिलाच लागतो आणि पुढच्या धुण्यात निघून जातो.

रंगासाठी ३०० ग्रॅम सुकी साल तासभर उकळून फडक्यातून गाळ. स्टीलचं पातेलं वीस लिटरचं तरी हवं, कापड त्यात मोकळं फिरलं पाहिजे. कापड ओलं करूनच सोड, तासभर मंद आचेवर ठेव, उकळी फुटू देऊ नकोस. पहिली वीस मिनिटं काठी हातातून सोडायची नाही. निम्म्याहून जास्त डाग याच वीस मिनिटांत पडतात. गॅस बंद केल्यावर त्याच पाण्यात गार होऊ दे.

एवढ्यावर पिवळा मिळेल. मेंदी-करडा हवा असेल तर वेगळ्या बादलीत १२ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून दहा मिनिटं सतत हलवत बुडव, त्याहून जास्त नको. लोह जास्त झालं की सूत ठिसूळ होतं आणि शिवणीजवळ फाटतं. हिराकसाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरायची नाहीत.

लोहाने हा रंग काळवंडतो, म्हणून गंजकी टाचणी ओल्या कापडाला लावू नकोस, काळा ठिपका पडतो आणि निघत नाही. गंजाचं पाणी गळणारी वाफेची इस्त्रीही नको.

कापड दांडीवर टोकाने टांगलं तर लांब ओघळतं, आडवं पसरून वाळव. मग उजेडात बघ आणि डागाळ भागांवर खडूने खुणा कर. पुढचे दोन्ही भाग आणि बटणपट्टी सलग स्वच्छ भागातून काढ. डाग बगलेखाली किंवा बाहीच्या आतल्या बाजूला जाऊ देत. कापड ज्या दिशेला जास्त ताणतं ती दिशा अंगाभोवती आडवी आली पाहिजे.

शिवायला गोल टोकाची ८० नंबरची सुई लाव. साधी सुई वीण तोडते आणि धुतल्यावर तिथून शिडी सुटते. दोरा पॉलिएस्टरचा, रंगवून झालेल्या कापडाशी जुळवून घे. सरळ टीप पहिल्याच ताणाला तुटते, म्हणून अगदी अरुंद झिगझॅग घाल. मशीनच्या सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब कमी कर, नाहीतर कड लाटांसारखी ताणत जाते. खांद्याच्या शिवणीत कागदी नमुन्याच्या मापाची सुती टेप धर. टेप नसेल तर बाहीच्या वजनाने खांदा दंडावर उतरतो. बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोड, बगलेची शिवण नंतर.

खरी कसोटी पट्टीची. पुढच्या सरळ भागात पट्टी कापडाएवढीच ठेव, मागच्या गळ्याभोवती मात्र मापाच्या ८५ ते ९० टक्के. सगळीकडे आखूड केलीस तर पुढचा घेर वर उचलला जातो, सगळीकडे सारखी ठेवलीस तर गळा मानेपासून सुटतो. मनगटाच्या पट्ट्या बाहीच्या तोंडाच्या ८० टक्के. बटणपट्टीला आतून होजियरीसाठीचं चिकट अस्तर लाव. कडक कॅनव्हासने पट्टी पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

काजं उभी घे, खाली पातळ कागद ठेवून. काजाची लांबी बटणाच्या व्यासात त्याची जाडी मिळवून धर. बटणं नारळाच्या करवंटीची चालतील, लोखंडी मुळीच नकोत. आधी उरलेल्या पट्टीवर, अस्तर लावून, दोन-तीन काजं करून बघ.

तुझी,
आई