भावी शिक्षकांच्या श्रीलंका क्षेत्रअभ्यासासाठी साहाय्याचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

भंडारा जिल्ह्यातील आमच्या अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या द्वितीय वर्षात शिकणारे चौदा विद्यार्थी आणि दोन अध्यापक येत्या जानेवारीच्या अखेरीस दहा दिवसांसाठी श्रीलंकेतील अनुराधापूर परिसरात जाणार आहेत. तेथील एका खेड्यात राहून गावतळ्यांचा अभ्यास करावा, अशी ही योजना आहे. तिच्या खर्चाचा मोठा भाग अद्याप जमायचा असल्यामुळे माजी विद्यार्थी मंडळाच्या वतीने हे निवेदन आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ही कल्पना निघाली ती गेल्या वर्षीच्या आंतरवासितेत. आमची एक छात्राध्यापिका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यासाचा पाठ घेत होती. फळ्यावर तळ्याच्या अन्नसाखळीचा तक्ता टांगलेला होता आणि त्यात कमळ, बेडूक, मासा व बगळा असे सारे रीतसर काढलेले होते. ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, समाजातील एका मुलाने उठून विचारले की, या तळ्यात देवधान का नाही? देवधान म्हणजे आपल्या तलावांत आपोआप उगवणारा रानभात. वर्गाच्या खिडकीतून गावचा तलाव दिसत होता, त्यात ते उभेही होते. पण बाईंना ते ओळखता येत नव्हते. पाठ निरीक्षणाच्या नोंदीत या प्रसंगाला ‘विषयांतर’ असा शेरा मिळाला. आमच्या मते त्या तासातला खरा पाठ तोच होता.

तलाव पाहायला परदेशी कशाला जायचे, हा प्रश्न आम्हालाही अनेकांनी विचारला आणि तो रास्त आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे तलावांचेच आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले आणि मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलण्यातले ‘मामा’, तलाव झाले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. परंतु पाळ (तलावाचा बांध), तुडुम (पाणी सोडण्याची जागा) आणि पाट एवढ्या तीन-चार शब्दांपलीकडे तलावाचे अवयव आमच्या पिढीला नावाने सांगता येत नाहीत. जे नावाने सांगता येत नाही ते बहुधा दिसतही नाही, आणि शिक्षकाला जे दिसत नाही ते वर्गातल्या मुलांपर्यंत पोहोचत नाही.

श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात हे शब्द अजून टिकून आहेत. तेथे तळ्याला ‘वेव’ म्हणतात. आपली बावडी ज्या ‘वापी’पासून आली त्याच कुळातला हा शब्द आहे. एकाच ओढ्याच्या खोऱ्यात एकाखाली एक बांधलेल्या तळ्यांच्या माळेला ‘एल्लंगाव’ म्हणतात. वरच्या तळ्यातून सुटलेले पाणी भातखाचरांतून झिरपून खालच्या तळ्यात पुन्हा वापराला येते. प्रत्येक तळ्याभोवतीच्या पट्ट्यांनाही स्वतंत्र नावे आहेत. तळ्याच्या वरच्या अंगाला वारा अडवून बाष्पीभवन कमी करणारी झाडांची रांग म्हणजे ‘गसगोम्मन’; वाहून येणारा गाळ गाळून घेणारी गवताची पट्टी म्हणजे ‘पेरहन’; आणि पाळीच्या खालच्या बाजूला, झिरपणाऱ्या पाण्यातला खारेपणा भाताच्या शेतात जाण्याआधी शोषून घेणारी दाट झाडी म्हणजे ‘कट्टकडुव’. जंगलात, माळेच्या सर्वांत वर, ‘कुळु वेव’ नावाचे छोटे तळे असते. त्याचे पाणी शेताला द्यायचे नसते. गाळ तेथेच बसावा आणि रानातल्या जनावरांनी तेथेच प्यावे, यासाठी ते राखलेले असते. या सगळ्या व्यवस्थेला जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

आमच्या मुलांना विशेष ओळखीचे वाटेल ते तेथील ‘मी’ नावाचे झाड. ते आपल्या मोहाचेच भाऊबंद आहे. तळ्याकाठच्या या झाडांवर वटवाघळे येतात आणि त्यांची विष्ठा भाताला खत म्हणून मिळते, म्हणून तेथील शेतकरी ही झाडे तोडत नाहीत. शेजारी ‘कुंबुक’ उभा असतो. तो तर आपला अर्जुनच. आपण मोहाकडे फुले आणि टोळी, म्हणजे त्याची फळे-बिया, यांच्या हिशेबाने पाहतो. त्याच झाडाला तळ्याच्या व्यवस्थेत एक जागा नेमून दिलेली आहे हे प्रत्यक्ष पाहिल्यावर आपल्या पाळीवरचा मोह विद्यार्थी वेगळ्या डोळ्यांनी पाहतील, अशी आमची अपेक्षा आहे.

जानेवारी महिना मुद्दाम निवडला आहे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. सप्टेंबरअखेर तलाव भरतात आणि जानेवारीत पाणी उतरणीला लागलेले असते. अनुराधापूरला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडतो, म्हणजे जानेवारीत तळी भरलेली आणि ‘महा’ या तिकडच्या मुख्य हंगामाचा भात शेतात उभा. इकडचा उतरता तलाव मोजून लगेच तिकडचे भरलेले तळे मोजायचे, एवढा फरक कोणत्याही पुस्तकाने शिकवता येत नाही. तेथे एक दिवस जयगंगा कालव्यासाठी ठेवला आहे. पाचव्या शतकात कलावेव तळ्यापासून अनुराधापूरपर्यंत खोदलेला हा कालवा सुमारे 87 किलोमीटर लांब असून पहिल्या 27 किलोमीटरमध्ये त्याला दर किलोमीटरला सुमारे दहा सेंटीमीटर एवढाच उतार आहे. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने उतार कसा काढायचा, याचा सराव विद्यार्थी सध्या आमच्या पाटावर करीत आहेत आणि पहिल्या दोन रविवारी उत्तरे साफ चुकली, हेही येथे सांगितले पाहिजे.

तयारी ऑगस्टपासून सुरू आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या गावचा तलाव किंवा बोडी, म्हणजे लहान तळे, निवडून तिचा नकाशा काढला आहे आणि दर पंधरवड्याला पाण्याची पातळी, गढूळपणा व पक्षी यांची नोंद ठेवली आहे. गढूळपणा मोजण्याची तबकडी विकत घेतलेली नाही. स्टीलच्या जुन्या ताटाला काळ्या-पांढऱ्या रंगाचे चार चतकोर रंगवले, मध्ये भोक पाडून दोरी ओवली आणि दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ मारली. ताट दिसेनासे होते ती गाठ मोजायची. चौथीतले मूलही हे करू शकते, आणि उद्या ज्याला शून्य निधीच्या शाळेत शिकवायचे आहे त्याला अशीच साधने हाताळता आली पाहिजेत.

आता खर्चाविषयी. नागपूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे, तेथून कोलंबोपर्यंत विमान, पुढे बस, व्हिसा, विमा, निवास आणि भोजन धरून माणशी 55,000 रुपये, म्हणजे सोळा जणांचे 8,80,000 रुपये लागतील. प्रत्येक विद्यार्थी स्वतःचे 10,000 रुपये भरणार आहे, त्याचे 1,40,000 झाले. यांतील बहुतेक मुले शेतकरी, ढिवर आणि विडी कामगार कुटुंबांतली असल्याने याहून अधिक मागणे आम्हाला योग्य वाटत नाही. मंडळाच्या सदस्यांनी आजवर 2,60,000 रुपये जमा केले आहेत. उरलेल्या 4,80,000 रुपयांसाठी हे आवाहन आहे. पुरेशी रक्कम न जमल्यास विद्यार्थ्यांची संख्या कमी न करता दिवस कमी करू, असे कार्यकारिणीने ठरवले आहे.

देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत मंडळाच्या खात्यात द्यावी. खात्याचा तपशील विद्यालयाच्या कार्यालयात मिळेल. रोख रक्कम 2,000 रुपयांपर्यंतच स्वीकारली जाईल आणि प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल. मंडळाची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी नसल्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या हितचिंतकांकडून रक्कम घेता येणार नाही, याबद्दल दिलगीर आहोत. पैशांखेरीज दहापट मोठे दाखवणारी हातभिंगे, वापरातली पण सुस्थितीतली दुर्बीण, पावसाळी बूट आणि जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या यांचीही गरज आहे. दुर्बिणी परतल्यावर विद्यालयाच्या संग्रहात राहतील.

परत आल्यावर प्रत्येक विद्यार्थी तलावाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत, वर्गाबाहेर पाळीवर, दोन पाठ घेईल. हे पाठ देणगीदारांना पाहण्यासाठी खुले राहतील व जमाखर्चाचा संपूर्ण हिशेब मार्चअखेर विद्यालयाच्या फलकावर लावला जाईल. देणग्या 31 डिसेंबरपर्यंत पोहोचाव्यात. तत्पूर्वी ज्यांना तयारी पाहायची असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी सात वाजता गावतलावाच्या तुडुमापाशी यावे. विद्यार्थी ताट आणि दोरी घेऊन तेथेच असतात.

आपली नम्र,
कार्यकारिणी, माजी विद्यार्थी मंडळ