वॉशिंग्टनचा पैसा, मालवणची कुर्ली: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातला निवृत्त शिक्षक. आमच्या गावच्या बायकांच्या कुर्लीपालन (म्हणजे खेकडापालन) गटाचं प्रोसिडिंग आणि जमाखर्च मी लिहायचो. अक्षर बरं आणि वेळ रिकामा, एवढीच माझी पात्रता. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर जाळी, बांबू, सुंभ, खाद्याची मासळी अशी उत्साहाने केलेली यादी आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकच ओळ आहे: ‘बी आलं नाही. सभा तहकूब.’ बी म्हणजे कुर्लीची पिलं. त्यापुढची पानं कोरी आहेत. हे पत्र त्या कोऱ्या पानांसाठी लिहितो आहे.

आमच्या किनाऱ्यावर परदेशी निधी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो २०११ साली. वॉशिंग्टनला मुख्यालय असलेल्या जागतिक पर्यावरण निधीने सिंधुदुर्गच्या सागरी जैवविविधतेसाठी सुमारे ३४ लाख डॉलर मंजूर केले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत ते आपल्या वनविभागाकडे आले. गावात पैशांविषयी कुणी फारसं विचारलं नाही. सगळे विचारत होते ते अभयारण्याचं. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून ‘वन’ हा शब्द ऐकला की आमचे मच्छीमार सावध होतात. “युनोची माणसां इली म्हणजे आता रापण बंद,” असं माझ्या शेजाऱ्याने मला ओटीवर बसून सांगितलं होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची पारंपरिक मासेमारी. रापण बंद झाली नाही. पण ही भीती उगाच नव्हती, हेही लक्षात घ्यावं.

त्या पैशांतून कामं झाली, हे आधी कबूल करतो. ट्रॉलरच्या जाळ्याचा खोला (मासळी साठते ते टोक) चौकोनी आसाचा (भोकांचा) असावा, हे आमच्याकडे त्या काळात पटवून देण्यात आलं. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ताण बसला की मिटतो आणि बोटाएवढी पिलंसुद्धा आत अडकतात. ४० मिलिमीटरचा चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो, पिलं निसटतात, पुढच्या वर्षी तीच मासळी मोठी होऊन मिळते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन, म्हणजे खाडीतलं खारफुटीचं जंगल, दाखवू लागल्या. ज्या चिपी-तिवरांकडे आम्ही सरपण म्हणून पाहायचो, ती झाडं पाहायला माणसं तिकीट काढून येतात, हे आमच्या पिढीला नवलाचंच. राज्यानेही धडा घेतला. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान, आणि २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. गटाला ९० टक्के अनुदान, १० टक्के गटाचा हिस्सा. परदेशी प्रकल्पातून राज्याची स्वतःची योजना उभी राहणं ही या देशात रोज घडणारी गोष्ट नाही. श्रेय द्यायला हवं, देतो.

आता कुर्लीकडे येतो. कांदळवनात जाळीचं कुंपण घालून त्यात पिलं सोडायची आणि आठ-दहा महिने सांभाळायची, असा हा धंदा. ऐकायला सोपा वाटतो. पण कुर्ली कात टाकते तेव्हा दोन दिवस लोण्यासारखी मऊ असते, आणि तेवढ्यात शेजारची कुर्ली तिला खाऊन टाकते. त्यामुळे शंभर सोडल्या म्हणून शंभर मिळत नाहीत. कुंपणाला एक भोक पडलं की रात्रीत निम्मं पीक खाडीत. हे सगळं बायका शिकल्या. चुकल्या, पुन्हा शिकल्या. त्यांच्या हातात नव्हतं ते एकच, बी. आमच्या गटाला पिलं तामिळनाडूतल्या बीजकेंद्रातून यायची. वाटेत मरायची ती मरायची. मागणी एका हंगामाची, पुरवठा दुसऱ्या हंगामात. प्रकल्प सुरू होता तोवर फोन करायला एक तरुण समन्वयक होता, तो पाठपुरावा करून बी आणायचा. त्याचा करार संपला. नव्या माणसाला आमची खाडी कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि तो तरी किती गटांना पुरणार? जाळी उन्हापाण्याने विरली. दुरुस्तीच्या खर्चाचं शीर्षच नाही, असं उत्तर मिळालं. उभारणीला अनुदान होतं, चालवण्याला नव्हतं.

महोदय, माझं म्हणणं इथे आहे. दात्याचा पैसा मुदतीचा असतो. तो दोष दात्याचा नाही, त्याची रीतच तशी. पण आपणही आपली योजना त्याच मुदतीच्या मापाने कापतो.

२०१९ पासून दुसरा मोठा प्रकल्प सुरू आहे. दक्षिण कोरियात मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीचा. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा मिळून ४ कोटी ३४ लाख डॉलर. त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम तिन्ही राज्यांनी घालायची आहे. म्हणजे तीन रुपयांतले दोन आपलेच, पण फलकावर ठळक बोधचिन्ह बाहेरच्यांचं. आखताना तो सहा वर्षांचा होता. मुदतवाढी मिळोत न मिळोत, कधीतरी संपणारच. आणि बाहेरच्या शब्दाचा भरवसा किती धरायचा? श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले, २०२० पर्यंत. त्यांच्याच हिशेबाने तो आकडा गाठला २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. २०२५ मध्ये अमेरिकेने याच हरित हवामान निधीला कबूल केलेले चार अब्ज डॉलर देणार नाही म्हणून सांगून टाकलं. (त्यांच्या धुराचा हिशेब मात्र आमच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात होतो. असो.)

म्हणून मागतो ते असं. हा प्रकल्प बंद होण्याची वाट न पाहता, चालू गटांच्या बी, जाळी आणि समन्वयकाच्या पगारासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात दरवर्षीची तरतूद करा. ती रक्कम मोठी नाही. मुंबईच्या एखाद्या कार्यशाळेतला जेवणाचा खर्च वाचवला तरी दोन-तीन गटांचं वर्ष निघेल, हे मी जमाखर्च लिहिणारा माणूस म्हणून सांगतो. कुर्लीचं बी जिल्ह्यातच वेळेवर मिळेल अशी सोय करा. आणि हे करताना मत्स्यव्यवसाय खात्याच्या मंत्रिमहोदयांना शेजारी बसवून घ्या. आमची बाई चिखलात उभी असते तेव्हा ती वनखात्याची, आणि तिचा नवरा होडीत बसला की मत्स्यव्यवसाय खात्याचा. घर एकच आहे. एका खात्याने कांदळवनात मासळीची पिलं वाढवायची आणि दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत एलईडीचे दिवे लावून, उजेडाला जमली की ती उचलली जायची, हा खेळ आम्ही बघतो आहोत.

आणखी एक. प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत दात्याकडे जातो, मूल्यमापन इंग्रजीत होतं. ज्या गावाच्या नावावर खर्च पडतो, त्या गावाला तो कळत नाही. आमच्या ग्रामसभेत एका म्हाताऱ्या मच्छीमाराने विचारलं होतं, “पैसे इले खंयसून, नि गेले खंय?” समोरच्या साहेबांनी स्लाइड पुढे सरकवली. गावनिहाय जमाखर्च, मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवा. आमच्या गटाचा मी दर महिन्याला वाचून दाखवायचो, आणि आठ आण्यांची चूक निघाली तरी बायका मला सोडत नसत.

गट अजून मोडलेला नाही. अकरापैकी सात जणी आजही पुन्हा उतरायला तयार आहेत, मी विचारून घेतलं आहे. वही मी मंत्रालयात आणून दाखवीन, किंवा आपण इकडे या. येणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून या. भरतीच्या वेळी होडीतून नुसती हिरवी झाडं दिसतात, विरलेली जाळी दिसत नाही.

आपला,
कुर्लीपालन गटाचा माजी हिशेबनीस,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग