बर्फातल्या गाडीबद्दल, सगळं खरं

शेरब्रुक (कॅनडा), २ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न.

गेल्या महिन्यात फोनवर मी "गाडी नीट आहे, मी नीट आहे" एवढंच म्हटलं होतं. आई, तुला तेव्हाच शंका आली होती आणि ती बरोबर होती. त्या सकाळी गाडी घसरली होती. मला कुठेच लागलं नाही आणि गाडीलाही एका ओरखड्यापलीकडे काही झालं नाही. पण तुमच्यापासून लपवलं, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज सगळं लिहिते.

शेरब्रुक हे चढउतारांचं गाव आहे. माझा रोजचा रस्ता टेकडीवरून खाली नदीच्या पुलाकडे उतरतो. त्या दिवशी उणे बारा तापमान होतं, रस्ता काळा आणि कोरडा दिसत होता. पुलाच्या अलीकडच्या वळणावर स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि गाडी सरळच जात राहिली. तो काळा रंग डांबराचा नव्हता. डांबरावर बर्फाचा काचेसारखा पातळ थर होता. पुलाला वरून आणि खालूनही गार वारा लागतो, त्यामुळे रस्त्याच्या आधी पूल गोठतो. हे मला माहीत होतं, तरी मी चाळीसच्या वेगात होते. तिथे पंचवीस पुरे होते.

बाबा, तुम्हाला यातलं यंत्र कळेल म्हणून सविस्तर सांगते. माझी गाडी होंडा फिट, म्हणजे आपल्याकडे जिला जॅझ म्हणायचे तीच. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वळवायचं कामही त्याच चाकांचं आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. टायरची पकड ठरावीक असते. वेग जास्त असला की वळायला ती पुरत नाही. अशा वेळी हात आपोआप स्टिअरिंग आणखी पिळतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. मी ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, स्टिअरिंग थोडं सरळ केलं आणि थांबले. जेमतेम दोन सेकंद असतील. चाकं मोकळी फिरू लागली तशी पकड आली आणि गाडी वळली, पण तोवर तिचं नाक कडेच्या बर्फाच्या ढिगाला घासलं होतं. मागून कुणी येत नव्हतं, हे नशीब.

तुम्ही म्हणता, मोठी फोर व्हील ड्राइव्ह घे. बाबा, ती गाडी जागची हलायला आणि चढ चढायला नक्कीच चांगली. पण थांबताना चार चाकांना ताकद असून उपयोग नसतो. थांबवतो तो टायर. इथे क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्याच्या बारीक खाचा बर्फ धरतात. माझे चारही टायर मागच्या वर्षीच घेतलेले, सारखेच आहेत. ताकद पुढच्या चाकांना म्हणून पुढचेच दोन चांगले बसवले, तर पुढचं पकडतं, मागचं सुटतं आणि गाडी गरकन फिरते. थंडीत टायरची हवाही उतरते, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पाउंड. म्हणून दर रविवारी हवा तपासते.

त्या प्रसंगानंतर लॅबमधल्या एका बाई मला परवानगी काढून एका रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. त्यांचं सगळं आयुष्य याच बर्फात गेलंय. तिथे दोन तास मी मुद्दाम गाडी घसरवली. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचा भाग हलका होऊन बाहेर निघतो, हे तिथेच अंगाला कळलं. तेव्हा ब्रेक लावायचा नाही. जिकडे जायचंय तिकडे बघायचं, स्टिअरिंग तिकडेच न्यायचं आणि किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा, की पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. डोळे खांबाकडे गेले तर हातही खांबाकडेच जातात. एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचं, पेडल पायाखाली थरथरतं, तेही भीती जाईपर्यंत दाबून पाहिलं. तरी मोकळ्या भुसभुशीत बर्फात त्यानेही गाडी लवकर थांबत नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून एरवीच्या तिप्पट अंतर ठेवते.

बाबा, गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे तुम्ही कुंभार्ली घाटात शिकवलेलं इथे रोज कामी येतं. फक्त इथे तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकावा लागतो. मध्येच खाली आणला तर झटक्याने पुढची चाकं अडकतात. निघताना दुसऱ्या गिअरवर, क्लच हळूहळू सोडत निघते, म्हणजे चाक जागीच फिरत नाही.

आणि आपली मारुती आजोळच्या वाटेवर लाल चिखलात रुतली होती ते आठवतं? तुम्ही ॲक्सिलरेटर न रेटता पुढच्या चाकांखाली गोणपाट टाकलं होतं. मी डिकीत वाळूची पिशवी आणि फावडं ठेवलंय, तेच काम करायला. आधी चाकांपुढचा बर्फ काढायचा, मग वाळू, मग थोडं पुढे, थोडं मागे. गाडी बर्फात अडकली तर इंजिन सुरू ठेवण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बुजलं तर विषारी धूर गाडीत येतो. हे मी कधीच विसरणार नाही, आई, तू निर्धास्त राहा. तुझी गोधडीही डिकीतच आहे, पाण्याची बाटली आणि खजुरांसोबत.

जोराचा वारा सुटला की पडलेला बर्फ पुन्हा उडतो आणि समोरचं काही दिसत नाही. इथले लोक त्याला 'पूद्ररी' म्हणतात. अशा दिवशी मी गाडी काढत नाही, बसने जाते किंवा घरून काम करते. साहेबांना तसं सांगून ठेवलंय.

आता एक मागणं. माझे सकाळचे साडेसात ते सव्वाआठ म्हणजे तुमचे संध्याकाळचे सहा ते पावणेसात. तेवढ्या वेळात फोन करू नका. तेव्हा माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. देवापाशी दिवा लावून झाला की पाच-दहा मिनिटांत माझा "पोचले" असा मेसेज येईल. बर्फ जास्त असेल तर सात-सव्वासात होतील, तेवढी वाट बघा. आणि गाडी पुन्हा कधी घसरली, तर त्याच दिवशी सांगेन.

तुमची,
ताई