खुर्ची लहान करणार होते, त्याचे काय झाले?

संपादक महोदय,

श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांच्या पहिल्या वर्षाचा लेखाजोखा मांडणाऱ्या लेखांत बहुतेकांनी त्यांना बऱ्यापैकी गुण दिलेले दिसतात. 1971 मध्ये आणि पुन्हा 1987 ते 89 या काळात सशस्त्र उठाव केलेल्या जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाचा नेता सत्तेवर आला, तर 2022 च्या आर्थिक संकटातून नुकताच सावरू लागलेला देश पुन्हा गाळात जाईल, अशी भीती सप्टेंबर 2024 मध्ये उघडपणे बोलून दाखवली जात होती. तसे झाले नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र ज्या कामगिरीसाठी हे गुण दिले जात आहेत, तिच्यातील बराचसा भाग त्यांना तयार मिळालेला आहे, आणि खरी कसोटी राष्ट्राध्यक्षपदाचे अफाट अधिकार कमी करण्याची आहे, असे माझे मत आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा 2.9 अब्ज डॉलरचा कार्यक्रम मार्च 2023 चा, म्हणजे आधीचे राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे यांच्या कारकिर्दीतला. परदेशी रोखेधारकांशी कर्जाच्या फेररचनेचा तत्त्वतः समझोताही त्यांच्याच सरकारने मतदानाच्या दोन दिवस आधी केला होता. नव्या सरकारने डिसेंबरात तो तडीस नेला. प्रचारात नाणेनिधीशी नव्याने बोलणी करण्याची भाषा होती. प्रत्यक्षात चौकट तीच राहिली. वीजदर जानेवारी 2025 मध्ये 20 टक्क्यांनी उतरले आणि जूनमध्ये 15 टक्क्यांनी चढले, कारण वीज खर्चापेक्षा स्वस्त विकायची नाही, ही नाणेनिधीची अट आहे. हे शहाणपणाचे असेल, पण आखून दिलेल्या रेषेवरून चालणाऱ्याची चाल पाहून त्याची दिशा ठरवता येत नाही. आयुष्यभर बँकेत कर्जवसुलीचे काम केलेल्या माझ्यासारख्याला हा फरक जरा जास्तच जाणवतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही कॅंडीला गेलो होतो. तिथल्या थ्री-व्हीलरच्या पुढच्या काचेवर पेट्रोलच्या रेशनचा क्यूआर कोड अजून चिकटवलेला होता. ती पद्धत 2023 मध्येच बंद झाली, मग हा कागद कशाला, असे विचारल्यावर चालकाने असू दे म्हणून हात हलवला. 2022 च्या रांगांत त्याने रात्री काढल्या होत्या. त्याने मत दिसानायके यांनाच दिले होते, आणि ते पेट्रोलसाठी नव्हे, तर वर बसणाऱ्या माणसाला कोणी जाब विचारू शकत नाही याचा वीट आला म्हणून. मला वाटते, मोजमाप तिथून सुरू व्हायला हवे.

जे. आर. जयवर्धने यांच्या 1978 च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाच्या हाती अफाट अधिकार दिले. ते काढून घेऊ, असे त्यानंतर कितीजणांनी सांगितले! चंद्रिका कुमारतुंगा यांनी 1994 मध्ये तसे वचन दिले, 15 जुलै 1995 ही तारीखही दिली आणि 2005 पर्यंत त्याच पदावर राहिल्या. महिंदा राजपक्षे यांनी तर 2010 मध्ये दोन कार्यकाळांची मर्यादाच उडवून लावली. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी 2015 मध्ये अधिकारांना कात्री लावली खरी, पण 2018 मध्ये त्यांनीच पंतप्रधानांना काढून संसद बरखास्त केली आणि सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. पुढे महिंदा यांचे भाऊ, राष्ट्राध्यक्ष गोटाबया राजपक्षे यांनी कापलेले बरेचसे परत शिवून घेतले. त्यांतले काही 2022 मध्ये पुन्हा उसवले गेले. मूळ पद मात्र जागच्या जागी आहे.

हे पद रद्द करण्यासाठीचे विधेयक 2018 मध्ये कोणी आणले होते? दिसानायके यांच्याच पक्षाने, आणि तेव्हा त्यांचे संसदेत अवघे सहा सदस्य होते. आज 225 पैकी 159 जागा त्यांच्या आघाडीकडे आहेत. दोन तृतीयांशाला 150 पुरतात. पुढे सार्वमत घ्यावे लागेल हे खरे, पण तमिळबहुल जाफना जिल्ह्यातही पहिला क्रमांक मिळवणाऱ्या आघाडीने सार्वमताला का भ्यावे?

माजी राष्ट्राध्यक्षांची सरकारी घरे व सवलती काढून घेणारा कायदा त्यांनी केला, महिंदा राजपक्षे बंगला सोडून गेले, आणि लोकांना ते आवडले, मलाही आवडले. पण ते दुसऱ्यांच्या ताटातले होते. दहशतवाद प्रतिबंधक कायदा रद्द करण्याचे वचन होते, तो अजून वापरात आहे. प्रांतिक परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या आहेत, त्याही तशाच.

एका वर्षात घटना बदलत नाही, घाई कशाला, असे काहीजण म्हणतील. घाई याचसाठी की नोव्हेंबर 2024 मध्ये 61.56 टक्के मते मिळवणारी ही आघाडी मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत 43.26 टक्क्यांवर आली, आणि अधिकार सोडून देण्याइतकी ताकद सत्ताधाऱ्याकडे सुरुवातीलाच असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संप आणि टंचाई दाराशी आली की तेच अधिकार उपयोगाचे वाटू लागतात. आपल्या दैनिकात पुढच्या वेळी असा लेखाजोखा येईल, तेव्हा वीजदर आणि पर्यटकांच्या आकड्यांच्या आधी 2018 च्या त्या विधेयकाचा एक रकाना असावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे