आधी ठोकळा

सातपूर, नाशिक
भाद्रपद शु. दशमी

चि. महेश यास अनेक आशीर्वाद.

परवा टेम्पो निघाला आणि आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. ‘अण्णा, मी आता लहान नाही’ म्हणालास नि गाडीचं दार ओढून घेतलंस. भंगारातल्या गंजक्या ढिगातून ५० किलोचा स्प्रिंग हॅमर, म्हणजे मोटरवर चालणारा घण, हुडकून काढणं हे लहान पोराचं काम नाही, हे मला कळतं. बिडाच्या चौकटीवर हातोडी वाजवून तू नाद ऐकलास, स्प्रिंगच्या पाट्याची पानं मोजलीस, मग भाव बोललास. तुझ्या आईला मी हे दोनदा सांगितलं, तुला मात्र सांगायचं राहून गेलं. फोनवर आपण दोघंही चढतो, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा तो विषय काढायला नको. रॅमखाली, म्हणजे ठोका देणाऱ्या वजनाखाली, हात घालायचा तर आधी लाकडी ठोकळा घाल. मोटर बंद केली, पट्टा उतरवला की मशीन मेलं असं लोक समजतात. स्प्रिंग हॅमरचं उलट असतं. पट्टा चढलेला असतो तोवर क्रँकला धरून ठेवायला काहीतरी असतं. पट्टा उतरला की क्रँक मोकळा. रॅम वर थांबलेला असला तर पाटा, रॅम, कनेक्टिंग रॉड सगळ्यांचं वजन क्रँकपिनवर लोंबतं. मग डायची, म्हणजे रॅमखालच्या ठोकणाऱ्या तुकड्याची, पाचर सैल करायला तू हातोडी मारतोस, तेवढ्या हादऱ्याने क्रँक सरकतो आणि ५० किलो खाली येतं. तात्यांचा डावा हात तू लहानपणापासून पाहत आलास. आता बास.

फाउंडेशनचं बघू. दिंडोरीची तुझी जागा काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा दोन वर्षांत एका अंगाला कलतो. मशीन कललं की रॅम गाइडच्या एकाच बाजूला घासतो, आणि मग माणूस गाइडला दोष देत बसतो. म्हणून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचं. मुरूम खोल गेला तर वरपर्यंत साधं काँक्रीट भर, पण मातीवर टेकू नकोस. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं असेल तर उपसून तळाचा चिखल खरवडून काढ, मगच माल टाक.

माप १.८ मीटर लांब, १.५ रुंद, १.२ खोल. म्हणजे सव्वातीन घनमीटर, वजन पावणेआठ टनांच्या आसपास. १:१:२ चा माल धर, सिमेंटची ३६ पोती लागतील. खाली आणि वर १२ मि.मी. सळईची जाळी, १५० मि.मी. अंतराने. बोल्ट मालात गाडू नकोस. त्यांच्या जागी खोके सोड, नंतर मशीन लेव्हलला आणून ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भर. आणि चारही बाजूंनी शेडच्या जमिनीपासून बोटभर नव्हे, चांगली ५० मि.मी. फट ठेवून तिच्यात डांबरी फेल्ट भर. नाहीतर प्रत्येक ठोका जमिनीतून भिंतीला जातो आणि आधी भट्टीची चिमणी तडकते. ऐरण चौकटीपासून सुटी आहे, ते चांगलं. तिच्याखाली वाळलेल्या साल-लाकडाच्या ७५ मि.मी. फळ्या, डांबरात बुडवून, एकमेकींना घट्ट भिडवून. ऐरण रॅमच्या दहापट तरी हवी. तुझी ६०० किलो भरेल, म्हणजे बारापट, छान आहे.

आता खंडेनवमी. त्या दिवशी मशीन चालू करायचं नाही म्हटल्यावरूनच तू चिडलास. अनंत चतुर्दशीला माल टाकलास तर खंडेनवमीला २५ दिवस होतात. काँक्रीटची पुरी ताकद २८ दिवसांनी धरायची, सात दिवसांत ती दोन-तृतीयांशच येते. पंधराव्या दिवशी मशीन उभं कर, ग्राउट भर, गोणपाट टाकून रोज पाणी मार. उभं मशीन ते सोसतं, ठोके सोसत नाही. खंडेनवमीला पूजा बंद मशीनची कर. झेंडूची माळ चौकटीला घाल, क्रँकला अडकवू नकोस. कोजागरीला ३१ दिवस भरतात, त्या दिवशी पहिला ठोका. ऊसतोडीच्या कोयत्यांची ऑर्डर डोक्यावर आहे आणि आगाऊ पैसे घेतलेत, हे आईने सांगितलं. पण कच्च्या ठोकळ्यावर बोल्ट एकदा हलले की ते पुन्हा कधी घट्ट राहत नाहीत.

मशीन खोलताना चौकटीची मान नीट बघ, जिथे ती ऐरणीवर वाकते तिथे. रंग खरवड, रॉकेल लाव, अर्धा तास ठेव, पुसून कोरडं कर आणि खडूची पूड फासून हातोडीने हलके ठोक. चीर असेल तर खडूवर रॉकेलची ओली रेघ उमटते. केसाएवढी जरी दिसली तरी वेल्डरला बोलावण्याआधी मला कळव. बीड तापवल्याशिवाय वेल्ड केलं की कडेला दुसरी चीर जाते.

पाट्याला वेल्डिंग अजिबात नाही, एक टाकासुद्धा नाही. पानं सुटी करून ब्रशने साफ कर आणि मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, क्लँपच्या खाली, तांबूस रेघ दिसते का बघ. गंज आतून बाहेर येतो तेव्हा तिथे पान चिरलेलं असतं. तसं पान बदल. ट्रकच्या पाट्याचं पान इथे नाशिकच्या द्वारकेला मिळेल, जाडी आणि कमान जुळवून घे, जुनं सोबत ने. बसवताना पानांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लाव. क्लँपचे नट पहिल्या दिवशी दोनदा आवळावे लागतील, कारण पानं बसतात.

बेअरिंगचं व्हाइट मेटल, म्हणजे आतलं मऊ अस्तर, तू स्वतः ओतणार म्हणतोस. ओत, तुला जमेल. पण जुनं मेटल वितळवून काढल्यावर कवचाला आतून कल्हई कर, नाहीतर नवीन मेटल चिकटत नाही, महिन्यात खुळखुळतं. शाफ्टवर दिव्याची काजळी धर. शाफ्ट आणि कवच दोन्ही हाताला सोसणार नाहीत इतके तापव. थंड लोखंडावर ओतलं की मेटल जागोजागी गोठून थर पडतात. मेटल तयार झालं का ते बघायला कोरडी चिपाटी बुडव. ती तपकिरी झाली पाहिजे, पेटता कामा नये. आणि साच्यात पाण्याचा एक थेंब नको. मातीचा लेप पुरता वाळव, भट्टीजवळ दोन तास. थेंबाची वाफ झाली की सगळं मेटल तोंडावर उडतं. चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालूनच ओत.

६५ मि.मी.च्या शाफ्टला फट ०.०६ ते ०.०८ मि.मी. शाफ्टला निळा रंग, ब्ल्यू, मारून स्क्रेपरने घासत जा, ठिपके सगळीकडे सारखे आले पाहिजेत. कॅपखाली पितळी शिम ठेव, म्हणजे पुढे झीज झाली तर एक शिम काढून भागतं. हे सगळं तुला येतं. तरी लिहिलं, त्याचा राग मानू नकोस. हात थांबत नाही.

गाइडमध्ये ०.१५ मि.मी. फट ठेव, जिब, म्हणजे फट जुळवायची पट्टी, चारही बोल्टला फीलर लावून सारखी आवळ. अंदाजाने घट्ट केलीस तर गरम झाल्यावर रॅम अडकतो. गाइडला ६८ नंबरचं तेल थेंबाथेंबाने. जास्त नको, ते ओघळून खालच्या डायवर येतं आणि लाल लोखंडाखाली सापडलं की बंदुकीसारखा आवाज होऊन ठिणग्या उडतात. डायवरचं पाणीही तसंच. प्रत्येक तावाआधी फडकं फिरवायचं.

डायची पाचर १०० ला १ उताराची करून घे, ब्ल्यू लावून निदान ऐंशी टक्के भिडली पाहिजे. अर्धवट भिडलेली पाचर चालत्या मशीनमधून सुटते, आणि ती कुठे जाते ते कोणी सांगू शकत नाही. पाचरीच्या समोर उभं राहू नकोस, कोणाला राहू देऊ नकोस. पहिल्या दहा मिनिटांनी मशीन थांबवून ती पुन्हा ठोक, तांब्याचा किंवा नरम लोखंडाचा ड्रिफ्ट लावून. कडक लोखंडावर कडक हातोडा मारलास तर कपच्या डोळ्यात. आणि थांबवून म्हणजे किल्ली काढून, ठोकळा घालून. मी हा विषय बंद करणार होतो, माहीत आहे.

डायच्या कडा ३ मि.मी. गोल कर. धारदार कडेने कामात वळी पडते, ती पुढच्या ठोक्यात आत दबते आणि कोयता तिथेच तुटतो.

१४४० फेऱ्यांच्या मोटरला १०० मि.मी. ची पुली आणि मशीनला ६५० ची लावलीस तर मिनिटाला २२१ ठोके येतात, पट्टा थोडा घसरतो म्हणून २१५ धर. कोयत्याला पुष्कळ झाले. जास्त वेगाने पाटा उलटा फटका खातो, ठोका हलका पडतो आणि आवाज मोठा येतो. रॅम अगदी खाली असताना दोन डायमध्ये २० मि.मी. फट ठेव. चालताना पाट्याच्या झोकाने रॅम त्याहून खाली जातो. जाड काम आलं तर रॉडच्या आट्याने फट वाढव. डायवर डाय रिकामी आपटू देऊ नकोस, आणि काळं पडलेलं लोखंड ठोकू नकोस, लाली मावळली की भट्टीत.

नांगराचा फाळ लांबवताना तुझी आई घण मारायची. सात किलोचा. मी छोट्या हातोडीने कामावर जिथे टिचकी द्यायचो तिथेच तिचा घण पडायचा, आणि ऐरणीच्या शिंगावर दोन टिचक्या दिल्या की हवेतला घण ती कडेला उतरवायची. तिच्या उजव्या तळव्याला करंगळीखालचा घट्टा अजून आहे, भाकरी थापताना पीठ तिथे धरत नाही. तू पाळण्यात होतास, भात्याशेजारी. तिच्यासारखं थांबणारं मशीन नसतं रे. आता टिचकी द्यायला फक्त तुझा पाय आहे. म्हणून आधी आठवडाभर लाकडाच्या तुकड्यांवर पाय बसव. एक हलका ठोका, थांब. दोन, थांब. लाकडावर डायचा ठसा नुसता उमटेल, लाकूड फुटणार नाही, इतका पाय यायला हवा.

पायडलवर वरून पत्र्याचं झाकण कर. सांडशीतून सुटलेला तुकडा पायडलवर पडला की मशीन आपोआप ठोकायला लागतं. ताणपुलीची स्प्रिंग अशी हवी की पाय उचलताच पट्टा पुरता सैल पडावा. दमट हवेत आणि पट्ट्याला चिकट मलम फासलं तर सैल पट्टाही पुलीला धरतो आणि पाय नसताना एखादा ठोका पडतो. हे दोनदा वाच. सांडशीचे दांडे पोटासमोर कधीच धरू नकोस, कडेला, मांडीच्या बाहेर. कानाला मफ लाव. तात्यांना आता हाक मारावी लागते ती तीनदा, ते ठोक्यांच्या आवाजाने झालं.

पाच अश्वशक्तीची मोटर असेल तर ओव्हरलोड ७.५ अँपिअरवर ठेव आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसव. तुमच्याकडे एक फेज जातो आणि कळत नाही, वाइंडिंग जळाल्यावर वास येतो. अर्थिंग वेगळं घे.

पुन्हा सगळं शिकवणीसारखं झालं. माफ कर. तुझ्या हातात माझ्यापेक्षा चांगलं काम आहे, गेल्या वर्षी सुमनला केलेली विळी मी इथल्या तीन माणसांना दाखवली. भीती मशीनची नाही, घाईची आहे.

ठोकळे दोन केलेत, बाभळीचे, १०० मि.मी. चौरस, रेषा उभ्या ठेवून. डाय बसलेल्या असताना २०० उंचीचा, दोन्ही डाय काढल्यावर ४०० चा. वर उरेल ती फट लाकडी पाचरीने भर. दोन्ही टोकांना पट्टी मारून लाल रंगवलेत. चालत्या ठोक्याला ते टिकणार नाहीत, म्हणून दोन्ही ठोकळे एकाच कडीला हातभर साखळीने बांधून त्या कडीला मेन स्विचची किल्ली अडकवली आहे. नवीन किल्लीवालं स्विचही सोबत आहे, ते मशीनपासून सहा फुटांवर लाव. म्हणजे ठोकळा रॅमखाली असेल तोवर किल्ली स्विचपर्यंत पोचणार नाही. सुमनचा नवरा शनिवारी वणीला जातोय, तो वाटेत देईल. आईने मेथीचे लाडू दिलेत, डबा परत पाठव.

तुझे
अण्णा

ता. क. दुसरी किल्ली मी इथेच ठेवली आहे. साखळी लांब करू नकोस.