ऑक्टोपसची डीएनए चाचणी धक्क्यावरच फसते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दर सोमवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजाराचे भाव येतात. पापलेटचे भिला, मोठे, मध्यम, लहान असे निरनिराळे भाव असतात. खाडीची मासळी वेगळी, नदीची वेगळी. समुद्र इतका लांब असूनही पुणेकर गिऱ्हाईक पाला आणि करली यांची गल्लत करत नाही. ऑक्टोपस मात्र धक्क्यावर, बाजारात आणि आकडेवारीतही एकाच शब्दात उरकला जातो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांतही त्याचा मोठा हिस्सा ‘इतर ऑक्टोपस’ अशाच रकान्यात पडून असतो. यावर ‘डीएनए चाचणी करा’ असे आता सहज सुचवले जाते. सूचना योग्यच आहे आणि आम्ही तिच्याच बाजूचे आहोत. पण ही चाचणी प्रयोगशाळेत जेवढी फसते, त्याहून जास्त धक्क्यावर, नमुना घेतानाच फसते. त्यासाठी हे पत्र.

भारताच्या किनाऱ्यावर जाळ्यात येणाऱ्या ऑक्टोपसांत अ‍ॅम्फिऑक्टोपस निग्लेक्टस, अ‍ॅम्फिऑक्टोपस मार्जिनेटस, अ‍ॅम्फिऑक्टोपस इजिना आणि सिस्टोपस इंडिकस या प्रजाती आहेत. लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर ओहोटीच्या वेळी बिळातून सळईने काढला जातो तो ऑक्टोपस सायनिया. ताजा प्राणी हातात असेल तर जाणकाराला फरक दिसतो. निग्लेक्टसच्या भुजांच्या मुळाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो, मार्जिनेटसच्या डोळ्याखाली पांढरट त्रिकोण असतो, सिस्टोपसच्या भुजांमधल्या पडद्यात बारीक पिशव्या असतात. पण ऑक्टोपस जिवंतपणी रंग बदलतो आणि मेल्यावर फिका पडतो. बर्फात राहिला की कातडी सोलवटते. मऊ व्हावा म्हणून आपटला, धड उलटे करून आतडी काढली, की ठिपका आणि त्रिकोण दोन्ही गेले. निग्लेक्टस या नावाचा लॅटिन अर्थच ‘दुर्लक्षित’ असा आहे. हे नाव मिळाले १९९९ मध्ये. त्याआधी आपल्याकडच्या नोंदींत तो बहुधा मेम्ब्रेनेशियस या नावाखाली जात होता.

नावाने असा काय फरक पडतो, असे कुणी विचारील. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा एक ऑक्टोपस कित्येक वर्षे ऑक्टोपस व्हल्गॅरिस म्हणून मोजला जात होता. २००८ मध्ये त्याचे ऑक्टोपस इन्शुलॅरिस या नावाने वेगळे वर्णन झाले आणि जुन्या आकड्यांत कुणाचे किती, हा प्रश्न उभा राहिला. व्हल्गॅरिसची मादी लाखभर किंवा त्याहून अधिक बारीक अंडी घालते. पिल्ले कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि दूरच्या किनाऱ्यावरही जाऊन वाढतात. मेक्सिकोतल्या युकातानचा ऑक्टोपस माया एक-दोन हजारच, पण मोठी अंडी घालतो आणि पिल्लू बाहेर येताच तळाशी राहू लागते. दोन्हींत मादी अंडी राखून मरते. पहिल्याची एखादी खाडी उपसली तरी बाहेरून भर पडू शकते. दुसऱ्याची उपसली तर ती तशीच रिकामी राहते. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावरची गावे २००४ पासून खडकाचा काही भाग काही महिने बंद ठेवतात. तिथला मुख्य ऑक्टोपस सायनिया असून तो झपाट्याने वाढतो, म्हणून थोड्या महिन्यांच्या बंदीचेही वजनात फळ मिळते. तोच नियम दुसऱ्या प्रजातीवर डोळे मिटून लावता येत नाही. किमान आकाराचा नियमसुद्धा प्रजातीनिहायच ठरतो.

आता नमुन्याकडे. भुजेच्या टोकाचा दोन सेंटिमीटर तुकडा कापावा, चिमट्याने त्याची कातडी ओढून काढावी आणि आतल्या पांढऱ्या मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे २० ते २५ मिलिग्रॅमचा तुकडा घ्यावा. कातडी आणि चूषक (भुजेवरच्या चिकटणाऱ्या वाट्या) टाळायचे, याला दोन कारणे आहेत. टोपलीत दहा ऑक्टोपस एकमेकांना चिकटून पडलेले असतात आणि एकाचा बुळबुळीत स्राव दुसऱ्याच्या अंगावर असतो. वरून पुसून घेतलेला नमुना शेजाऱ्याचाही असू शकतो. शिवाय त्या स्रावातले शर्करायुक्त पदार्थ डीएनएसोबत नळीत येतात आणि पुढची अभिक्रिया अडवतात. टोक डाव्या बाजूच्या भुजेचे घ्यावे. नराची उजवीकडची तिसरी भुजा समागमासाठी बदललेली असते आणि तिच्या टोकाची लांबी ही ओळखीची एक खूण असते. ती कापली की खूण गेली.

तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये टाकावा, मांसाच्या किमान दहापट. ऑक्टोपसच्या मांसात जवळपास चार-पंचमांश पाणी असते. ते बाहेर येऊन अल्कोहोल पातळ करते, म्हणून २४ तासांनी ते ओतून नवे भरायचे. ही एक पायरी सर्रास गाळली जाते आणि महिन्याभराने नळीत डीएनएचे तुकडे तुकडे हाती येतात. ‘जास्त असलेले बरे’ म्हणून नळी मांसाने ठासून भरणे हा त्याचाच भाऊ. मधल्या मांसापर्यंत अल्कोहोल पोचतच नाही. हातावर लावायचे सॅनिटायझर चालत नाही. फॉर्मालिन तर मुळीच नाही, कारण ते डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकते. शुद्ध इथेनॉल मिळायला परवान्याची कटकट असते आणि ज्वलनशील म्हणून ते पार्सलने पाठवताही येत नाही. तिथे २० टक्के डीएमएसओ (मांसात झिरपणारे द्रावक) आणि ईडीटीए (डीएनए तोडणाऱ्या विकरांना थोपवणारे रसायन) असलेल्या पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घालून केलेले द्रावण उत्तम काम देते.

दर प्राण्यामागे नवे पाते वापरावे. प्रयोगशाळेत चिमटा ज्योतीवर धरतात. डिझेल सांडलेल्या धक्क्यावर तो उद्योग नको. चिमटा १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून, पाण्याने धुऊन, पुसून घेतला की पुरते. नळीवर मार्करने आकडा लिहिला आणि अल्कोहोलचा एक थेंब ओघळला की आकडा पुसला जातो. जाड कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने क्रमांक, तारीख, धक्का आणि जाळ्याचा प्रकार लिहून चिठ्ठी नळीच्या आत टाकावी. पेन्सिलीचे ग्राफाइट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.

आणि प्राणी फेकू नये, हे सगळ्यात महत्त्वाचे. दोन्ही बाजूंनी मोजपट्टीसह फोटो, वजन, डोळ्यांच्या मधोमधपासून धडाच्या टोकापर्यंतची लांबी, आणि कोळी त्याला काय म्हणतात ते नाव, एवढे नोंदवावे. मग प्रत्येक प्रकारचे निदान दोन-तीन प्राणी अखंड ठेवावेत: आधी १० टक्के फॉर्मालिन, काही दिवसांनी ७० टक्के अल्कोहोल. क्रम चुकू नये. मांस आधी, फॉर्मालिन नंतर.

प्रयोगशाळेतले काम त्या मानाने ठरलेल्या वाटेचे आहे. मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या) सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांचा, पट्टा वाचायचा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रायमर (हा पट्टा नेमका पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) आजही त्यासाठी वापरतात आणि याच पट्ट्याला २००३ पासून ‘डीएनए बारकोड’ म्हणतात. मांस प्रोटीनेज के हे प्रथिने तोडणारे विकर घालून ५६ अंशांवर रात्रभर विरघळवावे. मग सीटॅब (साबणासारखे एक रसायन) आणि क्लोरोफॉर्मने शुद्ध केले तर शर्करायुक्त घाण निघते. त्यानंतर त्या पट्ट्याच्या भरपूर प्रती काढण्यासाठी ९४ अंश, ४५ ते ५० अंश, ७२ अंश अशी ३५ आवर्तने. जेलवर पट्टी उमटली नाही, म्हणजे प्रती झाल्याच नाहीत, तर डीएनए वाढवण्याचा मोह होतो, करायचे उलटे. दहापट पातळ करून पुन्हा लावावे, कारण बहुधा डीएनए कमी नसतो, अडवणारा पदार्थ जास्त असतो. डीएनए न घातलेली एक रिकामी नळी प्रत्येक वेळी सोबत हवीच. तिच्यात पट्टी दिसली तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. सीओआय हट्टाने आलाच नाही तर मायटोकाँड्रियातलाच १६ एस हा दुसरा जनुक घ्यावा.

अक्षरे हाती आली की घाई सुरू होते. ती जीनबँकेत (जगभरच्या डीएनए अक्षरांच्या खुल्या संग्रहात) टाकायची आणि पहिल्या ओळीतले नाव उचलायचे, अशी रीत पडली आहे. तिथे नाव चढवणाऱ्याने प्राणी बरोबर ओळखला होता याची हमी कुणी देत नाही. पूर्व आशियातल्या ज्या ऑक्टोपसला व्हल्गॅरिस म्हणत, तो २०१६ मध्ये सायनेन्सिस म्हणून वेगळा मानला गेला. पण त्याआधी व्हल्गॅरिस म्हणून जमा झालेली अक्षरे त्याच नावाने सापडतात. म्हणून जुळणारी नोंद कुठल्या जतन केलेल्या प्राण्यावरून आली ते पाहावे, आणि २ किंवा ३ टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, अशी सरसकट रेघ मारू नये. अक्षरांचे प्रथिनात भाषांतर करून मध्येच थांबा, म्हणजे प्रथिन तिथेच संपवणारी खूण, येत नाही ना, हेही तपासावे. येत असेल तर ती जनुकाची निकामी नक्कल असू शकते. मात्र भाषांतराला अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचा तक्ता, म्हणजे ५ क्रमांकाचा, निवडावा. नेहमीच्या तक्त्यात टीजीए हा तीन अक्षरांचा थांबा असतो, इथे ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते. चुकीच्या तक्त्यामुळे चांगले निकाल टाकून दिले जातात.

शिवाय सीओआय हा जनुक फक्त आईकडून येतो. दोन प्रजातींचा संकर त्यात दिसत नाही, आणि वय तर नाहीच. वयासाठी चोचीवरच्या वाढीच्या रेषा मोजाव्या लागतात.

किती नमुने घ्यायचे? वेगळे दिसणारे तेवढेच उचलले तर पकडीत कुणाचे प्रमाण किती ते कळत नाही. टोपलीतला दर पाचवा किंवा दहावा, जो हाताशी येईल तो घ्यावा. ३० प्राणी तपासून सगळे एकाच प्रजातीचे निघाले, तरी दुसरी प्रजाती सुमारे १० टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता उरते. ६० तपासले तर ५ टक्क्यांपर्यंत. पाच नळ्यांवरून ‘इथे एकच प्रजाती आहे’ असे लिहिणे म्हणजे अंदाजाला शिक्का मारणे. छोट्या ऑक्टोपसांच्या ढिगात तर हे जिवावरचे आहे. हिंद-प्रशांत महासागरातल्या निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसात टेट्रोडोटॉक्सिन असते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही.

पुण्याने यात काय करावे? भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे आणि प्राण्यांचे नमुने जतन करण्याचा अधिकार या संस्थेला जैवविविधता कायद्याखाली मिळालेला आहे. अक्षरे वाचून देणारी यंत्रे शहरात आहेत. कोकणातल्या धक्क्यावरून सकाळी निघालेला डबा संध्याकाळी घाट चढून इथे पोचतो. प्रकल्पांना पैसे देणाऱ्यांनी यंत्राच्या रकान्याइतकाच पैसा धक्क्यावरच्या माणसासाठी, नळ्या-अल्कोहोलसाठी आणि बरण्यांसाठी ठेवावा, आणि अखंड प्राणी जमा केल्याची पावती जोडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. ज्या मच्छीमार सोसायटीच्या टोपल्यांतून नमुने घेतले, तिच्या फळ्यावर पावसाळी बंदी उठण्याआधी यादी लागावी: फोटो, कोळ्यांनी सांगितलेले नाव, त्यापुढे प्रजाती, आणि शंभरात किती.

आपले,
किनारी मासेमारीतल्या प्रजातींच्या जनुकीय ओळखीचे काही अभ्यासक,
पुणे